मोबाईलवरचा धडा आणि एका खोलीचं घर



‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजे धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि वर्गात शिक्षकासमोर गणितं सोडवायची. 2007 साली अमेरिकेतल्या कोलोराडोत बर्गमन आणि सॅम्स या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गाला मुकणाऱ्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड केले, तिथून ही पद्धत पसरली. आपल्याकडे परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा मीही पेटलो. पांढरकवड्याजवळच्या आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. ठरवलं, आपणही व्हिडिओ करायचे.

पहिला व्हिडिओ शेकडेवारीचा. चाळीस मिनिटांचा! मोबाईल डब्यावर टेकवून, पंखा बंद करून, घामाघूम होत रेकॉर्ड केला. ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी थेट गणितं घातली. पोरं माना खाली घालून बसली. कोणीच बघितला नव्हता. मी चिडलो. “तुमच्यासाठी मरमर करतो अन् तुम्हाला साधा व्हिडिओ बघवत नाही?” असं बरंच बोललो. आठवीतली एक मुलगी उठून गेली, ती चार दिवस आलीच नाही.

तिच्या घरी गेलो. एक खोली, पाच माणसं. फोन एकच, तो मोठ्या भावाकडे, आणि भाऊ कापसाच्या गाडीवर हमालीला. रात्री नऊला येतो. तोवर डेटा संपलेला. आई म्हणाली, “सर, पोरगी अभ्यासाले नाही म्हणत नाही, बसू कोठं म्हणते.” मान खाली घालायची पाळी माझी होती. शाळेत असताना वही नाही म्हणून मला वर्गाबाहेर काढणारे गुरुजी आठवले. मी वेगळं काय केलं होतं?

ज्याच्या घरात टेबल, फोन, वायफाय आणि शांत कोपरा आहे, त्याच्यासाठी ही पद्धत बनली आहे. ‘घरून बघून या’ म्हणणं म्हणजे शिकवण्याचं ओझं घरावर टाकणं, आणि आपल्या घरांना जातीने काय दिलं ते आपल्याला ठाऊक आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब कसे शिकले? वडील रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच घर शांत असायचं. म्हणूनच 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाल्यावर पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. आधी बसायला जागा, मग पुस्तक. हे त्यांना कळलं होतं. मला एक पोरगी रुसल्यावर कळलं.

आता व्हिडिओ सहा-सात मिनिटांचे करतो. एका व्हिडिओत एकच गोष्ट. नेट नसलं तरी चालावं म्हणून पेन ड्राइव्हवर देतो, आणि बघायची जागा विहारच. साडेसहाला जुन्या टीव्हीवर दोनदा लावतो, मग पोरं गणितं करतात आणि मी त्यांच्यामधून फिरतो. खरं शिकवणं तिथं होतं. शेकडेवारीही बदलली. पुस्तकातला नफा-तोटा सोडला, कापूस घेतला. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात, बाराच्या वर माल परत. समजा भाव 7000 आणि ओलावा 11, तर क्विंटलमागे किती गेले? “दोनशे दहा!” एक पोट्टा ओरडला आणि लगेच म्हणाला, “पण बाबाचे तर पाचशे कापले होते.” त्या दिवशी पुढचं गणित झालंच नाही. पावती आणायला सांगितलं.

कोलाम पोडावरून दोन मुलं येतात. त्यांना मराठीतला व्हिडिओ अर्धाच कळायचा. आता त्यांच्यातलाच एक जण कोलामीत तो पुन्हा सांगतो, आम्ही तोही रेकॉर्ड करतो. माझ्यापेक्षा बरा सांगतो, हे कबूल.

एक धोका मात्र आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचं सरकारने 2023 मध्ये काढलंच होतं. उद्या कोणी म्हणेल, व्हिडिओ आहेत ना, मग शिक्षक कशाला? तेव्हा आपले व्हिडिओ त्यांच्या हातात पुरावा म्हणून जाता कामा नयेत. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मी सांगतो, “आता सरांना विचारा.”

ती मुलगी परत आली. सध्या टीव्ही लावायचं काम तिच्याकडे आहे, आणि व्हिडिओ लांबला की पहिली तीच कुरकुरते.