दोन शय्यांची खोली

अजिंठ्याचीं लेणीं आम्हीं यापूर्वीं चार वेळां पाहिलीं होतीं. त्यांतील तीन वेळां शाळेच्या मुलांची रांग सांभाळीत, म्हणजे लेण्यांपेक्षां मुलांच्या डोक्यांकडेच अधिक लक्ष देत. पांचवी खेप गेल्या माघांत घडली. तिचें कारण ऐकून वाचकांस हसूं येईल. आमच्या चौदा वर्षांच्या नातीला आपली खोली नव्यानें लावावयाची होती!

गुलमंडीच्या आंतल्या बोळांत आमचें जुनें घर आहे. २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. बोळ होता तेवढाच अरुंद राहिला. घरांत बारा माणसें. निवृत्त झाल्यापासून माडीवरच्या खोलींत आम्ही, पुस्तकांचीं दोन कपाटें व एक आरामखुर्ची असे नांदत होतों. नात नववींत गेली, तेव्हां ती खोली तिला द्यावी असें ठरलें, व आम्हींहि संमति दिली. परंतु पुतण्याची दहा वर्षांची मुलगीहि तेथेंच राहील, हें कानीं पडतांच नातीनें ताट सरकविलें. "मग ती माझी खोली कशी?" एवढेंच ती म्हणे. सूनबाई रागें भरल्या. आम्हांस एकत्र कुटुंबावर चार शब्द सुचत होते. पण उपाशी मुलीपुढें व्याख्यान चालत नाहीं. "चल, जुन्या लोकांच्या खोल्या पाहून येऊं," असें म्हणून आम्ही तिला घेऊन एस्.टी.त बसलों.

अजिंठा येथून सुमारें १०० किलोमीटर. सिल्लोडवरून फर्दापूरच्या फाट्यावर उतरावयाचें, व तेथून दुसऱ्या गाडीनें लेण्यांपाशीं जावयाचें. सोमवारीं लेणीं बंद असतात, हें नवख्यानें ध्यानांत ठेवावें. पहिल्या लेण्यांत बोधिसत्त्वापुढें दाटी होती. नात मात्र छताकडे मान करून उभी राहिली. चौकोनी घरें आंखून त्यांत फळें, फुलें, पक्षी रंगविलेले. "आजोबा, भिंतीपेक्षां छत बरें. निजलें कीं दिसतें." तिला चारी भिंती गडद निळ्या हव्या होत्या. आम्हीं सांगितलें कीं, गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हे रंग साधे, सहज मिळणारे. पण येथील निळा लाजवर्दाच्या दगडाचा, तो दूर अफगाणिस्थानाकडून यावयाचा, म्हणून चित्रकारानें तो जपून वापरला. ती कांहीं बोलली नाहीं. पण वहींत कांहींतरी टिपून घेतलें.

आम्हांस दाखवावयाचें होतें तें बारावें लेणें. तेथें चित्रें नाहींत, म्हणून गर्दीहि नाहीं. हा इसवी सनापूर्वींचा विहार. पावसाळ्यांत भिक्षूंनीं भ्रमण न करतां एके ठिकाणीं राहावें असा दंडक होता. त्यांच्यासाठीं मध्यें चौरस दालन आणि तीन बाजूंस चार-चार अशा बारा खोल्या खोदल्या आहेत. दारांवर चैत्याच्या गवाक्षासारख्या कमानी आहेत. आंत सामान म्हणाल तर दगडी ओटे, आणि उशीच्या जागीं तोच दगड किंचित् उंच ठेवलेला. मनुष्याला खोली किती लहान पुरते, आणि तिचें दार कसें सर्वांच्या दालनांत उघडतें, हा आमचा पाठ आम्हीं सुरू केला. नातीचें लक्ष नव्हतें. ती एका दारांतून दुसऱ्या दारांत डोकावत होती.

"आजोबा, एकेका खोलींत दोन-दोन ओटे आहेत."

चार खेपांत आम्हीं हें मोजलें नव्हतें! आम्हांस मोठा आनंद झाला. "पाहिलेंस? भिक्षूहि दोघे दोघे राहत."

"त्यांना तरी कोणीं विचारलें होतें का?"

परतीच्या वाटेवर सिल्लोड येईपर्यंत आम्ही गप्प होतों. कोणत्या मुलानें कोणत्या बाकावर बसावें, हें ठरविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. एकदांहि कोणास विचारल्याचें आठवेना. खोलीच्या बाबतींतहि घरांतील सात वडील माणसांनीं बोलणीं केलीं होतीं. दोन मुली तेवढ्या उरल्या होत्या.

रात्रीं दोघींना जवळ बसविलें. धाकटीला खोली नकोच होती. एकटीनें निजावयाची भीति, म्हणून ताईजवळ अंथरूण हवें होतें. थोरलीची तक्रार निजण्याची नव्हती. अभ्यास करतांना, लिहितांना कोणीं टक लावून पाहूं नये, एवढेंच तिचें म्हणणें. म्हणजे भांडण खाटेचें नव्हतें, नजरेचें होतें.

पुढल्या रविवारीं दोघींना बीबी-का-मकबऱ्यांत नेलें. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर तिच्या मुलानें, आझमशहानें, सतराव्या शतकांत बांधविली. ताजमहालाशीं तुलना करून नाक मुरडण्याची लोकांस खोड आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. कबरीभोंवतीं संगमरवरी जाळीचा अष्टकोन आहे, तो कोणत्याहि इमारतीस शोभेल. भिंतींतल्या एका जाळीशीं डोळा नेला तर पलीकडचें सारें दिसतें. चार पावलें मागें सरलें कीं नुसती नक्षी उरते. धाकटीनें हें दोन्ही बाजूंनीं धांवून पाहिलें, आणि ओरडली, "ताई, तूं दिसत नाहींस!"

तेथेंच खोली ठरली. सुतारानें सागवानी जाळीची पडदी केली. अलीकडे थोरलीचें टेबल, पलीकडे दोन खाटा. टेबल पश्चिमेच्या खिडकीशीं नको, उत्तरेच्या लाविलें. येथें वैशाखांत पारा चाळिसांच्या वर जातो. त्याच कारणानें गच्चीला वरून चुना दिला. भिंती पांढऱ्या ठेविल्या. छतावर मुलींनीं दोरी लावून चौकोन आंखले व त्यांतील चारच निळे केले. धाकटीचा हंस बदकासारखा झाला आहे. तो तसाच आहे.

कपाटें आवरतांना तळाशीं आमच्या कुटुंबाची हिमरूची शाल निघाली. कापूस व रेशीम एकत्र विणलेली ही शाल त्यांनीं याच गांवच्या विणकराकडून घेतली होती. त्यांस जाऊन नऊ वर्षें झालीं. नातीनें शाल उलगडली, पुन्हां घडी केली, आणि म्हणाली, "आजोबा, ही मी घेऊं का?" उत्तर द्यावयास आम्हांस थोडा वेळ लागला. आतां ती शाल तिच्या खुर्चीच्या पाठीवर असते.

एक कपाट माजघरांत गेलें, दुसरें मुलींनीं ठेवून घेतलें. आमची आरामखुर्ची ओसरीवर आली. तेथें तिसऱ्या प्रहरीं ऊन येतें. उरलेल्या लाकडाची एक पडदी करून देतों असें सुतार म्हणाला होता, तो अद्याप आलेला नाहीं.