कालव्याकाठची भिंत

निवृत्तीनंतर सायंकाळचे फिरणे हा माझा नित्यक्रम झाला आहे. बोईसरची बाजारपेठ आणि तारापूर औद्योगिक वसाहतीची वर्दळ मागे टाकून रेल्वेच्या पूर्वेकडील गावांच्या दिशेने निघाले, की सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचा शांत परिसर लागतो. धामणी धरणाचे पाणी कवडासच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत येते आणि त्याच्या आधाराने मिरची, भाजीपाला, मोगरा यांचे लहान लहान मळे फुलतात.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मळ्यालगतच्या घराच्या बाहेरील भिंतीने माझे लक्ष वेधले. शेणाने सारवून गेरूचा हात दिलेला आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. मध्यभागी तारपा वाजविणारा, भोवती शंखासारखा वळत जाणारा नाचणाऱ्यांचा फेर. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे एक माणूस. एवढ्या थोडक्या साधनांत केवढी गती!

अंगणातील वृद्ध बाईंनी आपुलकीने माहिती दिली. घरात लग्न होते. आतल्या भिंतीवर पालघाट देवीचा चौक सुवासिनी ‘लिहिणार’ होत्या. बाहेरची भिंत नातवाने हौसेने रंगविली होती. चौक काढत नाहीत, लिहितात, हा त्यांचा शब्दप्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटला.

नातू बोलका होता. शहरातील एका दुकानाच्या तीन भिंती त्याने चार दिवस खपून रंगविल्या होत्या. मोबदला मात्र रंगाऱ्याप्रमाणे चौरस फुटाच्या दराने मिळाला आणि कोपऱ्यात नाव लिहू दिले गेले नाही. हे सांगताना त्याच्या स्वरात कटुता नव्हती, म्हणूनच ते मनाला अधिक लागले.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी 1970च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. तरीही साड्या, चादरी, लग्नपत्रिका यांवर ही चित्रे सर्रास छापली जातात आणि ती मूळ कोणाच्या हातची, हे आपण क्वचितच विचारतो.

बँकेतील दीर्घ नोकरीने मला एक गोष्ट शिकविली: ज्याची नोंद होत नाही, त्याचे देणे सहज विसरले जाते. आपली बहुतेक कुटुंबे व्यापारातील आहेत. या पाड्यांवरील माणसे आपल्या दुकानांची पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके आहेत. आता आपण त्यांचे गिऱ्हाईक व्हावे. घरच्या पत्रिकेवर वारली चित्र हवे असेल, तर ते जवळच्या पाड्यावरील कलावंताकडून करून घ्यावे, दर कामापूर्वी ठरवावा, रक्कम त्याच्या खात्यात जमा करावी आणि चित्राखाली त्याचे नाव छापावे. लग्नाच्या एकूण खर्चात ही रक्कम जाणवणारही नाही. त्या घरी मात्र ती पुढच्या चित्राचे भांडवल ठरेल.