आजीच्या बाटलीतलं आवेल

वेंगुर्ले, 12 जानेवारी

चि. ऋतुजास,


काल फोनवर तू विचारलंस, आजीने दिलेलं तेल पांढरं होऊन घट्ट बसलंय, टाकून देऊ का? आई, म्हणजे तुझी आजी, शेजारीच होती. तेव्हा काही बोलली नाही, पण रात्री जेवताना दोनदा म्हणाली, "तिला सांग गो, टाकू नको." म्हणून लिहायला बसले.

तेल खराब झालेलं नाही. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. तुमचं टोरांटोतलं घर 20-21 अंशांवर, तेव्हा ते तिथे थिजलेलंच असणार. इथेही पौषात पहाटे थिजतं, मग आई बाटली अंगणात उन्हात ठेवते. तू कोमट पाण्यात उभी कर. गॅसवर मात्र ठेवू नकोस.

दुकानातलं खोबरेल बहुतेक सुक्या खोबऱ्याचं असतं. वाट्या वाळवायच्या आणि घाण्यावर द्यायच्या. तुझ्या बाटलीत आहे ते आवेल, ओल्या नारळाचं. नोव्हेंबरात नारळ पाडायला पाडेली येऊन गेला, तेव्हाच आईने वीस जून नारळ बाजूला काढले. सोलून, फोडून सगळे विळीवर खवले. मी मिक्सर लावते म्हटलं तर ऐकेना. खोबरं वाटून, कोमट पाणी घालून पंचातून रस पिळला, तीनदा. मग तो पितळी कढईत मंद आचेवर. तासभर नुसता पांढरा रस उकळत राहतो, ढवळून हात भरून येतो. मग हळूहळू फुटायला लागतो, कडेने तेल दिसतं, आणि बुडबुड्यांचा आवाज बदलतो. आई आवाजावरूनच सांगते, "आता पाणी गेलं." पाणी राहिलं तर तेल खवट होतं, म्हणून त्या घडीला ती कुणाशी बोलत नाही. तळाशी उरलेला तांबूस गाळ गूळ घालून आम्ही दोघींनी खाल्ला. वीस नारळांचं जेमतेम लिटरभर तेल झालं. त्यातलं अर्धं तुझ्याकडे आहे.

खायचं की लावायचं, हेही विचारलं होतंस. दोन्ही. हा प्रश्न करापायी सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. डिसेंबर 2024 मध्ये निकाल लागला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलसुद्धा खाद्यतेलच. केसांचं तेल म्हणून विकलं तर वेगळं. मुगाच्या उसळीवर कच्चं चमचाभर घालून बघ, वास घरभर होईल. पण तिकडच्या बाटल्यांवर लिहितात तसं ते औषध समजून चमचे भरभरून पिऊ नकोस. त्यात जवळजवळ 90 टक्के संपृक्त चरबी असते, आणि तुझ्या बाबाचं कोलेस्टेरॉल तुला ठाऊक आहे.

केसांना मात्र निर्धास्त लाव, न्हाण्याच्या आदल्या रात्री. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तपासलं. केसांतलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

इथे तेलाची बाटली न्हाणीघरात कमी, माजघरात जास्त. फणस फोडायचा तर आधी हाताला आणि सुरीला खोबरेल, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. ओले काजूगर सोलतानाही तेच, नाहीतर बोटांची सालं निघतात. अडकित्ता आणि विळीचं पातं पावसाळ्यात तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचं, गंज धरत नाही. थंडीत फुटलेले ओठ, टाचा, हे तुला सांगायला नको.

एका गोष्टीत आमचं चुकलं. मी आठ वर्षांची असताना वाफेने मनगट भाजलं, आणि घरातल्यांनी मायेने वर खोबरेल चोपडलं. आग आतच कोंडली. डाग अजून आहे, तू लहानपणी त्याला बोट लावून विचारायचीस. भाजलं तर आधी नळाखाली गार पाणी, वीस मिनिटं. तेल नाहीच.

बाटलीत कोरडाच चमचा घाल. आणि संपत आली की महिनाभर आधी कळव. आईला आता सगळे नारळ एका दिवसात खवणं होत नाही, रोज तीन-चारच करते, आणि मला हात लावू देत नाही.

तुझी,
आत्या