कोणते गाणे?

परवा संध्याकाळी आमच्या घरी फराळाची तयारी चालली होती. पत्नी भाजणी मळत होती, मी सोऱ्याशी झटापट करीत होतो आणि आमची सोळा वर्षांची कन्या मोबाइलवर गाणी लावून आम्हां दोघांना उत्तेजन देत होती. एवढ्यात ‘मा रेवा’ सुरू झाले.

“बंद कर ते!” मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

कन्या बघतच राहिली. “बाबा, हा तर तुझाच आवडता बँड ना?”

तिचे म्हणणे खरे होते. ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड माझा फार आवडता. २००० साली त्यांचा ‘कंदिसा’ हा गीतसंच निघाला, तेव्हा मी पुण्यात एम. ए. करीत होतो. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. गाण्यात आधी शब्द शोधायचे आणि मग सूर, अशी माझी खोड. पण ‘कंदिसा’ हे गाणे म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतले अरामी भाषेतले स्तोत्र! त्यातले एक अक्षर कळत नसे, तरी अंगावर काटा उभा राही. त्याच संचात नर्मदेची स्तुती करणारे ‘मा रेवा’ हे लोकगीत होते. बँडमध्ये बास गिटार वाजवणारे राहुल राम पूर्वी नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे कळल्यावर तर त्या गाण्याविषयी मला अधिकच जवळीक वाटू लागली.

आणि जवळीक वाटायला आणखी एक कारण होते. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र त्या नदीकाठचाच होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातले त्याचे गाव. सुटीहून येताना तो आमचूर आणी. फार बोलत नसे. कॅसेट लागली की मान हलवी, एवढेच.

१८ ऑक्टोबर २००० हा दिवस मात्र मी विसरलेलो नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सरदार सरोवराचे काम पुढे नेण्यास मुभा दिली. धरणाची भिंत आता ९० मीटरपर्यंत चढणार होती. संध्याकाळी मित्र ट्रान्झिस्टरला कान लावून बसला होता. बातम्या संपल्या, आणि मी नेहमीच्या सवयीने ‘मा रेवा’ लावले.

“आज नको,” तो म्हणाला.

“अरे, तुझ्याच नदीचे तर गाणे आहे!” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. त्याने पिशवी भरली आणि त्याच रात्री गावाकडे निघून गेला. दिवाळीनंतर परत आला, परीक्षा दिली. आमची मैत्रीही टिकली. पण त्या रात्रीविषयी आम्ही कधी बोललो नाही. ज्या पाण्याचे गाणे मी चवीने ऐकत होतो, तेच पाणी त्याच्या उंबऱ्याशी येणार होते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तेव्हापासून ते गाणे लागले की मला ती भरलेली पिशवी दिसते. बँडमधले असीम चक्रवर्ती २००९ साली वारले, सुस्मित सेन २०१३ साली बाहेर पडले. गाणाऱ्यांचे सारे बदलले, माझी पिशवी मात्र होती तिथेच राहिली.

कन्येला हे सारे सांगितले. ती सहज म्हणाली, “मग त्या काकांना फोन का नाही करत?”

मुलांना किती सोपे वाटते! तरी मी फोन केला. मित्र आता आश्रमशाळेत शिक्षक आहे. तळोद्याकडच्या पुनर्वसाहतीत राहतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी चाचरत विषय काढला.

“कोणते गाणे?” त्याने विचारले.

मी नाव सांगितले.

“असेल रे. मला नाही आठवत. बातमी आठवते. आणि तू शिवाजीनगरच्या स्टँडपर्यंत आला होतास, ते आठवते. माझ्याकडे तिकिटाला पैसे कमी होते, ते तू घातलेस.”

मला यातले काहीच आठवत नव्हते! पंचवीस वर्षे मी जिचे ओझे वाहिले, ती आठवण त्याच्याकडे नव्हतीच. आणि त्याने जी जपली, ती माझ्याकडे नव्हती. गाणे एकाच खोलीत वाजले, पण ते गुंतले माझ्या एकट्याच्या मनात. मला हायसे वाटले, आणि थोडे हिरमुसल्यासारखेही झाले. मग वाटले, गाणे विसरला म्हणून त्याचे दुःख काही कमी होत नाही. ते त्या गाण्यात नव्हतेच मुळी. ते बातमीत होते. आपल्या अपराधाचे कौतुक करता करता मी त्याच्या गावाची चौकशी करायची मात्र राहूनच गेलो होतो.

ती मी आता केली. २०१९ साली धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरले. “घर तर त्याच्या कितीतरी आधीच गेले,” तो म्हणाला. “चिंचेचे झाड होते बघ, त्याच्या खाली.”

फोन ठेवला, तोवर कन्येने मोबाइलवर नकाशा काढला होता. “कुठे होते त्यांचे गाव?” तिने विचारले. मी बोट ठेवले. बोटाखाली नुसता निळा रंग होता.

ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “लावू का गाणे?”

“लाव,” मी म्हणालो.