श्वास रोखू नका

धाकटा भाऊ महेश्वरच्या घाटावर बुडाला, तेव्हापासून आमच्या इंदूरच्या घरातले कोणीही नर्मदेत गुडघ्यापलीकडे उतरले नाही. कोचीहून पर्यटक जहाजाने कवरत्तीला गेलो आणि वयाच्या ६२व्या वर्षी मी पाठीवर हवेची टाकी बांधली. प्रशिक्षकाने एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली : श्वास रोखू नका; वर येताना दाब घटतो, कोंडलेली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते.

५ मीटरवर दाब दीडपट. कान ठणकले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली, तसे ते मोकळे झाले. समोर पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. भाऊ आठवला, पाण्यावरचा राग मात्र आठवेना.

परतल्यावर नातीच्या पोहण्याच्या वर्गाला मी होकार दिला.