उत्तर न सुचलेला राजपुत्र

जपानचा सम्राट मोंतोकू याचा थोरला मुलगा कोरेताका (८४४–८९७) याला गादी मिळाली नाही, कारण त्याची आई ‘की’ घराण्यातली होती, तर धाकट्या सावत्र भावाचा आजोबा फुजिवारा योशिफुसा हा दरबारातला सर्वांत वजनदार माणूस होता. हा भाऊ जन्माच्याच वर्षी, ८५० मध्ये, युवराज ठरला आणि ८५८ मध्ये सम्राटही झाला. वारसाचा निकाल कुस्तीने लागला, असे पुढच्या कथेकऱ्यांनी रचले. पण खरी कुस्ती दोन आजोळांतली होती आणि ती एकतर्फी होती.

कोरेताकाकडे उरली ती मानाची पदे आणि भरपूर रिकामा वेळ. तो वेळ कसा गेला, हे ‘इसे मोनोगातारी’ या ग्रंथात दिसते. गद्य प्रसंगांत ‘वाका’, म्हणजे ५-७-५-७-७ अशा मांडणीची ३१ मात्रांची कविता, गुंफणाऱ्या या ग्रंथाचा नायक कवी आरिवारा नारिहिरा मानला जातो. मात्र राजपुत्राचे नाव स्पष्ट देणारा निवेदक, काळ फार लोटल्याने त्याच्या या सोबत्याचे नाव विसरल्याची मिस्कील बतावणी करतो. कातानोच्या रानात मंडळी जात शिकारीला, पण शिकारीत कोणाचेच मन नसे. चेरीच्या झाडाखाली घोड्यांवरून उतरून, फुललेल्या डहाळ्या केसांत खोवून, थोरांपासून चाकरांपर्यंत सगळेच कविता रचत. पुढे ते ‘आमानोगावा’ नावाच्या नदीकाठी पोचले. या नावाचा अर्थ आकाशगंगा असल्याने, त्यावर कविता केल्याशिवाय मद्याचा पेला भरायचा नाही, असे राजपुत्राने फर्मावले. नारिहिराने आकाशगंगेकाठच्या विणकर तारकेकडे रात्रीचा आसरा मागितला. राजपुत्र ती कविता पुन्हापुन्हा म्हणत राहिला आणि त्याला उत्तर सुचेना. तेव्हा त्याचा मामा की आरित्सुने याने, ती तारका वर्षातून एकदाच येणाऱ्या प्रियकराची वाट पाहते, इतरांना कशी थारा देईल, असे उत्तर रचले. ‘कोकिनशू’ या ९०५ च्या राजाज्ञेने सिद्ध झालेल्या संग्रहात कोरेताकाच्या स्वतःच्या मोजक्याच कविता आहेत, पण त्याचे हे अडणे तिथल्या प्रास्ताविक टिपेतही नोंदले गेले आहे. उत्तर देण्याच्या घाईपेक्षा ऐकण्यात रमणारा असा यजमान कवींना क्वचितच लाभतो.

८७२ मध्ये आजारपणामुळे त्याने बौद्ध दीक्षा घेतली आणि हिएई पर्वताच्या पायथ्याशी ओनो येथे तो राहू लागला. नारिहिरा दाट बर्फ तुडवत भेटीला गेला, पण दरबारी कामामुळे त्याला संध्याकाळीच परतावे लागले. नारिहिरा ८८० मध्ये वारला आणि राजपुत्र पुढे १७ वर्षे जगला. ‘इसे मोनोगातारी’ मात्र नायकाच्या मरणाशीच संपत असल्याने त्या वर्षांबद्दल अक्षरही बोलत नाही.