मेर्वेडेप्लाइनपासून चालत

अ‍ॅमस्टरडॅमला अ‍ॅन फ्रँकचं घर पाहायला येणारा माणूस सहसा मध्यवर्ती स्टेशनवर उतरतो आणि थेट प्रिन्सेनग्राख्त या कालव्याची वाट धरतो. मी दुसऱ्या टोकाकडून निघाले. शहराच्या दक्षिण भागात मेर्वेडेप्लाइन नावाचा त्रिकोणी चौक आहे. मधे हिरवळ आणि कडेने तपकिरी विटांच्या, एका साच्यातून काढल्यासारख्या इमारती. टोकाशी बारा मजल्यांची एक इमारत उभी आहे. १९३२ साली ती पुरी झाली तेव्हा लोकांनी तिचं नाव 'गगनचुंबी' ठेवलं, ते अजून टिकून आहे. मुंबईकराला हसू येईल. चौकातल्या ३७ क्रमांकाच्या घरात दुसऱ्या मजल्यावर फ्रँक कुटुंब राहत होतं. स्वतःच्या देशात मोकळेपणी लिहिता येत नाही अशा परदेशी लेखकांना २००५ पासून ही जागा राहायला दिली जाते, म्हणजे दिवाणखाना अजून नांदता आहे. हिरवळीवर अ‍ॅनचा पुतळा आहे, निघताना मागे वळून पाहणारा. ६ जुलै १९४२ ला सकाळी पावसात ती इथून आईवडिलांबरोबर प्रिन्सेनग्राख्तला लपून राहायला चालत निघाली. ज्यूंना ट्रामबंदी होती. हातात सूटकेस दिसली तर संशय येईल म्हणून तिने कपडे अंगावर एकावर एक चढवले होते, भर जुलैत. पाठीवर दप्तर, आणि त्या दप्तरात सगळ्यांत आधी गेलेली वस्तू म्हणजे तेराव्या वाढदिवसाला मिळालेली रोजनिशीची वही.

इथून प्रिन्सेनग्राख्तपर्यंत सुमारे चार किलोमीटर होतात, रमतगमत तासाभराची वाट. नेमके कोणते रस्ते घेतले ते अ‍ॅनने लिहिलेलं नाही, तेव्हा सरळ उत्तरेला जाणारा फर्डिनांड बोलस्ट्राटचा रस्ता धरला तरी चालतं. चालताना मला सतत एक गोष्ट खटकत होती. या मुलीची आपण दोनच रूपं करून ठेवली आहेत. एक, निष्पाप बळी. दुसरं, माणूस मुळात चांगला असतो असं सांगणारी आशेची पुतळी, भिंतीवरच्या पोस्टरवर शोभणारी. रोजनिशीत या दोघी क्वचितच भेटतात. भेटते ती विचार करणारी, हुज्जत घालणारी, स्वतःचंच लिहिलेलं खोडून काढणारी मुलगी. 'मी कोण' हा प्रश्न ती दुसऱ्याच्या मदतीवर तगलेल्या घरात बसून सोडवते, आणि त्या परावलंबनाचं भान तिच्या उत्तरात उतरतं. लहान मुलांच्या पुस्तकांत ही जागा फार दुर्मीळ आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी ओळखीचं पाहू. अ‍ॅन १९२९ साली फ्रँकफुर्टला जन्मली आणि १९३४ मध्ये, चार वर्षांची असताना, अ‍ॅमस्टरडॅमला आली. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने देशाबाहेरच्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्व एका फर्मानाने काढून घेतलं. पुढच्या मे महिन्यात कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती आली. म्हणजे या रस्त्याने चालली ती मुलगी कागदोपत्री कुठल्याच देशाची नव्हती, आणि ज्यू म्हणून मात्र कोटावर शिक्का होता. आईवडिलांची भाषा जर्मन, पण तिने वही लिहिली डचमध्ये. युद्ध संपल्यावर डच व्हायची इच्छा तिने एप्रिल १९४४ मध्ये नोंदवली. पुढच्याच महिन्यात डच लोकांतही ज्यूद्वेष वाढत असल्याचं कानावर आलं तेव्हा ती हादरली, पण देशावरचं प्रेम तिने मागे घेतलं नाही. सरकारने दिलेली ओळख, समाजाने नाकारलेली ओळख आणि आपण मागितलेली ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पंधराव्या वर्षाच्या आत तिला उमगलं होतं. १ ऑगस्ट १९४४ च्या शेवटच्या नोंदीत ती स्वतःचेच दोन भाग करते, चारचौघांतली थिल्लर अ‍ॅन आणि एकटीच असते तेव्हाची दुसरी. वयाचा गोंधळ म्हणून हे सोडून देता येत नाही. त्याच वर्षाच्या २ जानेवारीला तिने जुनी पानं चाळली, आईबद्दल आपण किती विखारी लिहिलं आहे हे पाहून ती वरमली, आणि त्या रागाची कारणं एकेक करून तपासली. मोठी माणसंही आपले जुने हिशेब असे उघडून बसत नाहीत.

कालव्यांचा पट्टा लागला की रस्ते अरुंद होतात आणि घरं उंच नि चिंचोळी. प्रिन्सेनग्राख्तवरच्या २६३ क्रमांकाच्या इमारतीत अ‍ॅनच्या वडिलांचा, ओटो फ्रँकचा, व्यवसाय होता, जॅमसाठी लागणारं पेक्टिन आणि मसाले विकण्याचा. पुढे कचेरी आणि गोदाम, मागे जोडलेली दुसरी इमारत. तिला डचमध्ये 'आख्टरहाउस' म्हणतात, म्हणजे पिछाडीचं घर. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत मागच्या चौकातली बिऱ्हाडं असत, तसं काहीसं. फिरत्या कपाटामागचं दार ओलांडलं की आत खोल्या रिकाम्या आहेत. अटकेनंतर सामान नेलेलं होतं, आणि ते पुन्हा मांडायचं नाही अशी ओटोची इच्छा होती. ती किती शहाणपणाची होती हे आत शिरल्यावर कळतं. भिंतीवर अ‍ॅनने चिकटवलेली नटनट्यांची चित्रं राहिली आहेत, आणि एका भिंतीच्या कागदावर फ्रँक कुटुंबातल्या मुलींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. लपून काढलेल्या दोन वर्षांत अ‍ॅन तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. अंगावर कपडे तोकडे होत गेले आणि खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आठ माणसं, दिवसा नळ सोडायचा नाही, पाय वाजवायचा नाही. अ‍ॅनच्या खोलीत मध्यमवयीन दंतवैद्य फ्रिट्झ फेफर राहायला आला, आणि लिहायच्या टेबलावरून दोघांचं जुंपलं. आठवड्यातून दोन दिवस, चार ते साडेपाच टेबल आपल्याला मिळावं, एवढी तिची मागणी. फेफरने झिडकारली, वडिलांनी मध्यस्थी केली. मला ही नोंद सबंध वहीतली फार महत्त्वाची वाटते. इथे घर म्हणजे मायेची ऊब नाही. घर म्हणजे दीड तासाच्या टेबलासाठी मुद्देसूद वकिली.

तरी हे भांडण ज्या जमिनीवर चाललं होतं ती दुसऱ्यांची होती. मीप आणि यान गीस, बेप फोस्कौल, व्हिक्टर कुग्लर, योहानेस क्लाइमन ही माणसं रोज वर येत, भाजी, रेशनची कार्डं, पुस्तकं, बातम्या आणत. आपल्याकडे मुलांवर मदतीचा संस्कार होतो तो देणाऱ्याच्या बाजूने. 'श्यामची आई'तली मोळीवाली म्हातारी आपल्या सगळ्यांना आठवते, पण ती म्हातारी घरी गेल्यावर काय विचार करत असेल हे कुणी सांगत नाही. अ‍ॅन तेच सांगते. जानेवारी १९४४ मध्ये ती लिहिते की या मदतनिसांच्या तोंडून आपण ओझं असल्याचा शब्दही कधी निघाला नाही. आणि शब्द निघत नाही म्हणजे ओझं नाही, अशी स्वतःची फसवणूक ती करून घेत नाही. क्लाइमनच्या पोटाचं दुखणं, बेपच्या वडिलांचा कर्करोग, सगळं वहीत टिपलेलं आहे. वरच्या मंडळींच्या खरेदीच्या याद्यांनी बेप मेटाकुटीला आली, तेव्हा अ‍ॅनचा सल्ला होता की ठणकावून नाही म्हण, याद्या आपोआप आखूड होतील. ज्या यादीवर आपलं जेवण अवलंबून आहे तीच आखूड करायला सांगणारी ही मुलगी! लापशीवरची साखर कितीतरी दिवस न खाता साठवून तिने १९४३ च्या नाताळात मीप आणि बेपसाठी मिठाई करवून घेतली. मे १९४४ मध्ये भाजीवाल्याला घरात ज्यू लपवल्याबद्दल पकडून नेलं, तेव्हा तिने त्याचं दुःख आणि आपल्या सकाळच्या खाण्यावर येणारी गदा, दोन्ही एकाच नोंदीत मांडलं, काही न लपवता. मार्च १९४४ मध्ये 'द्या' या अर्थाच्या मथळ्याचा तिने एक छोटा निबंध लिहिला, दारावरून हाकलल्या जाणाऱ्या भिकाऱ्यांबद्दल, आणि दिल्याने कुणी गरीब झालेलं नाही याबद्दल. हा निबंध सुटा वाचला तर शाळकरी वाटतो. घेणाऱ्याच्या हातून तो लिहिला गेला आहे हे लक्षात आलं की त्याचं वजन बदलतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. एक असा की रोजनिशीचं १९४७ चं पुस्तक वडिलांनी गाळणी लावून छापलं, मग हा आवाज मुलीचाच कशावरून? मूळ मजकूर १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीत शेजारी शेजारी छापलेला आहे, आणि तो पाहिला तर गाळलं ते मुख्यतः आईवरचा राग आणि शरीराबद्दलचं लेखन. वर सांगितलेला विचार तिचाच आहे. मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच मंत्र्याने लोकांच्या रोजनिशा जपून ठेवायचं आवाहन केल्यावर तिने स्वतः पुनर्लेखनाला हात घातला होता, हेही विसरू नये. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. मदतीचं इतकं कौतुक केलं की डच समाजाची बाजू आयतीच उजळ होते. नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० ज्यू छावण्यांत पाठवले गेले, त्यांतले जेमतेम ५,००० परतले. पिछाडीच्या घरातल्या आठांपैकी एकटा ओटो. मदत अपवाद होती, नियम नव्हता, आणि या आठांच्या बाबतीत ती अखेर पुरी पडली नाही. हे मान्य करूनच बोलायला हवं. पण अपवाद कसा चालतो, त्याला रोज किती भाजी, किती खोटं आणि किती दमणूक लागते, याचा आतून लिहिलेला हिशेब आपल्याकडे फार थोडा आहे, आणि इथे तो एका मुलीने ठेवला आहे.

बाहेर पडलं की वेस्टरकेर्कचे टोल कानावर येतात. अ‍ॅनला त्यांचा आधार वाटे. ४ ऑगस्ट १९४४ ला आठही जणांना पकडून नेलं, कुग्लर आणि क्लाइमन यांनाही नेलं. जमिनीवर विखुरलेली पानं मीप आणि बेपने गोळा केली आणि मीपने ती आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. एकही पान तिने वाचलं नाही. वाचलं असतं तर जाळून टाकावं लागलं असतं, असं तिने पुढे सांगितलं. मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं त्यात होती.